गाडी येण्याआधी सुटणारी बस

तळ्याकडे जाणारी सकाळची बस दहा वाजून पाच मिनिटांनी सुटायची आणि शहराकडून येणारी आगगाडी दहा वाजून दहा मिनिटांनी यायची. पूर्वी असं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आगगाडीची वेळ वीस मिनिटांनी पुढे गेली, बसची मात्र जागची हलली नाही. बसची बदलायची तर तळ्यातल्या बोटीची बदलावी लागणार, आणि बोट तिसऱ्याच खात्याची. तीन खात्यांची तीन तोंडं तीन दिशांना, आणि मधल्या मध्ये प्रवाशांचे हाल.

स्टेशनातून बाहेर पडल्या पडल्या समोरच्या भिंतीवर एक मोठं पोस्टर होतं. निळंशार तळं, मागे डोंगर, आणि खाली ठसठशीत अक्षरं : ‘मोटार घरी ठेवा, तळ्याला बसने या!’ लोक ते वाचत वाचत स्टँडवर यायचे आणि रिकाम्या फलाटाकडे बघत उभे राहायचे. पुढची बस दीडला. तिने गेलं तर पलीकडच्या काठावर जाऊन परत येणं होत नसे. भाड्याच्या मोटारीवाले हे ओळखून असत. ते कोपऱ्यावर टपून बसलेलेच असायचे.

या बसवर अकरा वर्षं कंडक्टर असलेल्या बाईच्या तळपायाची आग रोज मस्तकात जायची. तिने तीन अर्ज केले होते. पहिल्याला ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं. दुसऱ्याला आलंच नाही. तिसऱ्याला आलं ते असं, की आपण आपल्या कामाशी काम ठेवावे. त्यानंतर तिने अर्ज करणं सोडलं, पण चरफडणं काही सुटलं नाही.

“अगं, आपण हुकमाचे ताबेदार,” ड्रायव्हर तिला समजवायचा. त्याला सगळा डेपो मामा म्हणायचा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, पापभीरू माणूस. चाळीस वर्षांत त्याने कधी कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. “आपण टाइमावर सोडायची, टाइमावर पोचवायची. बाकी जग बुडालं तरी आपल्याला काय?”

“जग बुडत नाही हो मामा, तेच तर दुखणं आहे. बुडालं असतं तर कुणी चौकशी तरी केली असती.”

त्या मंगळवारी आगगाडी कधी नव्हे ती दोन मिनिटं आधी आली, आणि बस स्टँडच्या फाटकातच एका मालट्रकच्या मागे अडकली. कंडक्टरबाईने मागच्या काचेतून पाहिलं तर एक म्हातारे गृहस्थ स्टेशनाच्या पायऱ्या उतरून धावत येत होते. एका हातात पिशवी, दुसरा हात वर. त्यांच्या मागे बऱ्याच अंतरावर त्यांची बायको, काठी टेकत.

बाईचा हात घंटेच्या दोरीवर गेला. एक टोला दिला की बस थांबते, दोन दिले की सुटते. पण फाटकाबाहेर प्रवासी घ्यायचा नाही असा नियम होता, आणि गेल्याच महिन्यात एका कंडक्टरला त्यावरून दंड बसला होता. ती दोरी धरून नुसतीच उभी राहिली. समोरचा ट्रक हलला. मामाने बस काढली. आणि म्हाताऱ्या गृहस्थांचा पाय पदपथाच्या कडेला अडखळून ते तोंडावर आपटले. चष्मा उडाला, पिशवीतली सफरचंदं रस्ताभर घरंगळली. त्यांची बायको तिथेच थिजून उभी राहिली. तेवढ्यात बस वळली, आणि पुढचं दिसलं नाही.

घरी आल्यावर तिने हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण सासूबाईंपासून काही लपून राहत नसे. ऐंशीच्या घरातल्या त्या बाई खिडकीशी बसून मटार सोलत होत्या. सुनेने ताटली आपटली तशी त्या म्हणाल्या, “ताटलीने काय घोडं मारलंय तुझं?”

मग तिने सगळं सांगितलं. अर्जांपासून सुरुवात केली, तिन्ही खात्यांचा उद्धार केला, डेपोच्या साहेबांना चार शिव्या घातल्या. सासूबाई सोलता सोलता ऐकत होत्या.

“सगळं खरं,” त्या म्हणाल्या. “खाती मेली नालायकच आहेत. पण तो माणूस पडला तेव्हा दोरी कुणाच्या हातात होती?”

सुनेला राग आला होता, आणि तो सासूबाईंवर नाही हे तिला कळत होतं, म्हणून तो जास्तच आला होता.

दुसऱ्या दिवशी ती स्टँडवर आली तेव्हा ते म्हातारं जोडपं बाकावर येऊन बसलेलं होतं. रात्री गावातच लॉजवर राहिले असावेत. गृहस्थांच्या हनुवटीला पट्टी होती आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. बस लागल्याबरोबर दोघं सगळ्यांच्या आधी चढले. तिकीट देताना कंडक्टरबाईने मान वर केली नाही.

“काल यांनी हात केला होता,” आजीबाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही बघितलं होतंत.”

“जाऊ दे ना,” आजोबा म्हणाले. “त्यांना दिसलं नसेल.”

खोटं बोलायला आयती वाट मिळाली होती. बाईने तिकीट फाडलं, त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “दिसलं होतं. मी घंटा दिली नाही. माझं चुकलं.”

आजीबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. “बरं,” एवढंच म्हणाल्या, आणि खिडकीशी सरकल्या.

दहा पाच झाले. कंट्रोलरने केबिनमधून शिट्टी मारली. मामाने इंजिन चालू केलं आणि घंटेची वाट बघत बसला. घंटा झाली नाही. त्याने आरशातून मागे पाहिलं. कंडक्टरबाई मागच्या दारापाशी हाताची घडी घालून उभी होती.

“काय झालं गं? बेल दे ना!”

“गाडी येऊ दे.”

“कुठली गाडी?”

“रोज येते ती. पाच मिनिटांत येईल.”

मामाला दरदरून घाम फुटला. “डोकं फिरलंय का तुझं? माझी पेन्शन आहे गं!”

“तुम्ही घंटेशिवाय गाडी काढू शकत नाही मामा. नियमच आहे. तुमच्यावर काही येणार नाही. सगळं माझ्यावर घाला.”

कंट्रोलर शिट्टी फुंकत धावत आला. “ही बस अजून इथे काय करतेय?”

“प्रवासी घेतेय,” बाई म्हणाली.

“कुठे आहेत प्रवासी?”

तेवढ्यात पलीकडून आगगाडीचा भोंगा वाजला. बाईने नुसती हनुवटी त्या दिशेला उडवली. कंट्रोलर लालबुंद झाला. “मी लिहून देईन वर! कामात अडथळा म्हणून लिहीन!”

“लिहा की. आणि हेही लिहा, की तुम्ही दोन वर्षं या खिडकीत बसून रोज लोकांची बस चुकताना बघताय, आणि एक दिवस तुमच्या घशात चहा अडकला नाही.”

पुढच्या सीटवरचा एक गृहस्थ कुरकुरला, “आम्हाला उशीर होतोय त्याचं काय?” त्याला काही उत्तर द्यायच्या आत स्टेशनाच्या पायऱ्यांवरून माणसं उतरायला लागली. आधी दोन, मग पाच, मग घोळकाच. बस उभी बघून काही जण थबकले, जणू कुणी चेष्टा करतंय. “या, या, चला!” बाई दारातून ओरडली. तेवीस माणसं चढली. पाठीवर सामान घेतलेली मुलंमुली, पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यातली नर्स, लेकराला कडेवर घेतलेली एक बाई. ती नर्स दारातच उभी राहून विचारत राहिली, “खरंच आमच्यासाठी थांबलात?”

दहा सोळाला दोन टोले पडले.

बस डोंगर चढून पलीकडे उतरायला लागली तेव्हा कुठे बाईच्या ध्यानात आलं. बोट अकराला सुटते. बस नेहमी पाच मिनिटं आधी पोचते. आज अकरा मिनिटं उशीर. म्हणजे तिने तेवीस माणसांना बस मिळवून दिली, आणि आता बसमधल्या सगळ्यांचीच बोट चुकणार होती, आजोबा-आजीबाईंचीसुद्धा. मामालाही ते कळलं असावं. त्याने बस कधी नव्हे ती दामटली होती. पण घाट तो घाटच.

तळं दिसलं तशी मुलं खिडक्यांना चिकटली. बाईला पाणी दिसलंच नाही. तिला दिसली ती धक्क्यापासून सुटलेली बोट. शंभरेक हात गेली असेल, मागे पांढरी रेघ ओढत.

“झालं!” पुढचा कुरकुऱ्या ओरडला. “कुणी सांगितलं होतं शहाणपण?”

बसमध्ये गलका झाला. बाई काही बोलणार एवढ्यात बसचा हॉर्न वाजला. मामाने धक्क्याच्या तोंडाशी, पार कठड्याला भिडवून बस उभी केली होती आणि दोन्ही पंजांनी हॉर्न दाबून धरला होता. तो सोडेचना. तळ्यावरची बगळ्यांची रांग उठली, पलीकडच्या हॉटेलच्या गच्चीवर माणसं जमली. आजोबा खाली उतरून धक्क्यावर हात वर करून उभे राहिले. त्यांचं बघून मुलांनी हात वर केले, मग नर्सने, मग सगळ्यांनीच. चाळीस माणसं हात वर करून, आणि मागे तो हॉर्न.

बोटीचा सारंग मागे वळून बघत राहिला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बोटीचं नाक हळूहळू वळायला लागलं.

“कुणी मेलंबिलं काय?” धक्क्याला लागता लागता सारंगाने खालून विचारलं.

“नाही,” आजीबाई म्हणाल्या. “पण तुम्ही आला नसतात तर मी तुम्हाला सोडलं नसतं.”

सगळे बोटीत चढल्यावर मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. “माझं काय होणार गं आता?” तो म्हणाला. आणि मग जरा वेळाने, “पण वाजला मात्र जोरात, नाही?”

आठ दिवसांत दोघांनाही नोटीस आली. बस हेतुपुरस्सर रोखणे, वरिष्ठांशी उद्धट वर्तन, सार्वजनिक ठिकाणी अकारण हॉर्न. ‘अकारण’ हा शब्द वाचून बाईने कागद भिंतीवर फेकला. चौकशीच्या दिवशी साहेबांच्या खोलीत भिंतभर तळ्याचा नकाशा होता. बसचे रस्ते लाल, बोटीचे निळे, रेल्वे काळी. नकाशावर सगळ्या रेघा एकमेकींना भेटत होत्या.

“साहेब, तुम्ही या बसने कधी गेला आहात?” तिने विचारलं.

“इथे प्रश्न मी विचारणार.”

“विचारा ना. पण आधी एकदा मोटार घरी ठेवा आणि बसने या. तुमचंच पोस्टर आहे.”

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. निकाल तिथल्या तिथे लागला : सेवापुस्तकात लाल शेरा, आणि बदली दगडखाणीच्या मार्गावर. मामाचा शेरा माफीनाम्यावर माफ झाला. तिन्ही खात्यांना मात्र कुणी काही विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

पण ते आजोबा स्वस्थ बसणारे नव्हते. न्यायालयात पस्तीस वर्षं लघुलेखक म्हणून त्यांनी लोकांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं. त्या दिवशी बोटीवर बसल्या बसल्या त्यांनी सगळी हकिगत मिनिटामिनिटाच्या नोंदीने लिहून काढली होती आणि खाली अडतीस सह्या घेतल्या होत्या. पहिली सही कुरकुऱ्याची होती! बोट मागे फिरून धक्क्याला लागली तेव्हाच त्याचा पारा उतरला होता म्हणे. तो कागद तिन्ही खात्यांना गेला, वर्तमानपत्रातही छापून आला. खात्यांनी आधी कानाडोळा केला, मग एकमेकांना पत्रं लिहिली. तीन महिन्यांनी वेळापत्रक बदललं. बस दहा वीसला, बोट सव्वाअकराला.

बदललं त्या दिवशी स्टँडवर फीत कापली. साहेबांनी भाषण केलं, ‘प्रवाशांच्या सोयीसाठी आम्ही सातत्याने प्रयत्नशील होतो.’ बाईने ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं, आणि सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग अर्धा तास बोलत होती. सासूबाईंनी मधे एकदाच विचारलं, “बस थांबते ना आता?”

“थांबते.”

“मग बोल तू, बोल. मी ऐकते.”

त्याच आठवड्यात साहेबांनी तिला बोलावलं. आता वातावरण निवळलंय, ते म्हणाले. माफीनाम्यावर सही करा, शेरा खोडतो, तळ्याची बसही परत देतो. कागद टाइप करून तयार होता. ‘माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल.’ तिने तो दोनदा वाचला.

“माझ्या हातून एक चूक झाली होती,” ती म्हणाली. “पण ती मंगळवारी. तिची माफी मी मागितली आहे, ज्यांची मागायची त्यांची. बुधवारची मागणार नाही.”

“अहो, दगडखाणीच्या मार्गावर आयुष्य काढणार का? धूळ खात?”

“वेळ बदलून तुम्ही कबूल केलंत की मी बरोबर होते. आता मी चूक होते असं लिहून मागताय. तुम्ही एकदा काय ते ठरवा.”

कागद टेबलावर ठेवून ती बाहेर पडली. जिन्याखाली मामा उभा होता. त्याने आपण सही केली हे तिला सांगायला तीन महिने लावले होते आणि अजूनही तो तिच्या नजरेला नजर देत नसे.

“केलीस?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मूर्ख आहेस.”

“आहे. तुम्ही केलीत ते बरंच केलंत मामा. तुमचं घर पेन्शनवर चालणार आहे, माझ्या रागावर नाही.”

मामा डोळे पुसत हसला. दगडखाणीची बस पावणेदोनला होती. ती स्टँडवर आली, धुळीने माखलेल्या बसमध्ये चढली आणि दारात उभी राहिली. खाणीतल्या दोन कामगार बाया रस्ता ओलांडत होत्या, डोक्यावर घमेली, पाय ओढत. घड्याळात पावणेदोन वाजून गेले होते. नव्या ड्रायव्हरने आरशातून विचारलं, “सोडू का?”

“जरा थांब,” ती म्हणाली, आणि दार धरून त्या बायांना हाक मारली.