अठरा पूर्ण

लेस्टरला मुलीच्या अठराव्या वाढदिवसाचा आनंद झाला, हे खरं. पण ज्या कारणाने झाला ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आणि हा गडी ते दुबईतल्या जबल अलीच्या अख्ख्या ऑफिसला सांगत सुटला होता.

घटस्फोट झाला तेव्हा ऑड्री लहान होती. ती अठराची होईपर्यंत तिचा खर्च लेस्टरने द्यायचा आणि महिन्यातून एका शुक्रवारी, तिच्या आईला विचारून, तिला भेटायचं, असं कोर्टात ठरलं. पैसे त्याने कधी चुकवले नाहीत. पण दर पगाराला एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचा, आणि भेटीचा शुक्रवार ओव्हरटाइमच्या नावाखाली सर्रास बुडवायचा.

तिच्या वाढदिवसाच्या शुक्रवारी ऑफिस सुटायच्या आधी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या विष्णूने पॅन्ट्रीत केक आणला. वर लिहिलं होतं, ‘खलास, लेस्टर!’

"यल्ला, चल, काप! महिन्याला दीड हजार दिरहम, म्हणजे छत्तीस हजार रुपये वाचले. सुटलास बाबा!"

"सुटलो रे, सुटलो," लेस्टर वर बघून हात जोडत म्हणाला. सगळे खो खो हसले. मग एकेकाचं हसणं दाराकडे बघून थांबलं.

दारात ऑड्री उभी होती, खांद्यावर कपड्यांची बॅग घेऊन.

"सरप्राइज, डॅड," ती म्हणाली, पण आवाजातला उत्साह निम्म्यावरच विरला होता. "नाउ आय डोन्ट नीड एनीवन्स परमिशन. आय थॉट, आय विल स्टे विथ यू धिस वीकेंड."

विष्णू घाईघाईने केकपुढे आडवा उभा राहिला. त्याचा काही उपयोग नव्हता. इथे वाढलेल्या पोरीला खलास म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

"मम्मा सेड, कॉल हिम फर्स्ट," ती हळूच म्हणाली. "आय शुड हॅव."

लेस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ऑड्रीच्या ज्या आईच्या नावाने तो बोटं मोडत आला, तिनेच आज त्याची लाज राखायला बघितली होती. मुलीला त्याच्याविषयी तिने कधी वाकडं काही सांगितलेलं नसणार. नाहीतर ही पोर बॅग भरून आलीच नसती.

ऑड्री जायला वळली. थांब म्हणायचं होतं, माफी मागायची होती. तोंडून निघालं ते भलतंच. "टॅक्सीला पैसे आहेत ना?" आणि हात सवयीने पाकिटाकडे गेला.

तिने त्या हाताकडे पाहिलं.

"यू डोन्ट हॅव टू एनीमोर, डॅड."