झोपलेल्या मास्तरांची शाळा

"हात लावू नकोस रे, भरती येऊ दे," मोठी म्हणाली.

धाकट्याने हात मागे घेतला. बाबाच्या पोटावर मांडलेली बटणं हळूहळू वर चढली, जरा थांबली आणि पुन्हा खाली आली. दोन भोकांची एका रांगेत, चार भोकांची दुसऱ्या रांगेत. बरोबर बेंबीवर एक मोठं काळं बटण होतं. धाकट्याच्या मते तो जहाजाचा कप्तान होता.

"आता ओहोटी," धाकटा म्हणाला, आणि बाबा जोरात घोरला. कप्तान घरंगळत चटईखाली गेला. मोठीने त्याला काढून पुन्हा जागेवर ठेवलं. आज वाचनाचं पुस्तक तिने उघडलंच नव्हतं.

बाबा म्हणजे एका शीतगृहाचा रात्रपाळीचा वॉचमन. रात्रभर थंड भिंतींच्या कडेने फेऱ्या मारायच्या, कुलपं ओढून बघायची, आणि उजाडल्यावर हाडांत मुरलेला गारठा घेऊन घरी यायचं. बायको कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला, तिची पाळी दिवसाची. दोघांची भेट जिन्यात व्हायची. ती उतरायची, तो चढायचा. किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जायची आणि "धाकट्याचं नाक गळतंय", "दूध तापवून ठेवलंय" एवढ्यावर संसार उरकायचा. मग तो वर यायचा आणि शाळा भरायची.

ही शाळा त्याने काही हौसेने काढलेली नव्हती. ती गळ्यात पडली होती. मोठी आधी खऱ्या शाळेत जायची. तिथे रोज एकेकाला उभं करून वाचायला लावत. मोठीचं पहिलं अक्षर ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच अडकायचं. सगळा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत बसायचा, मग कोणीतरी हळूच तिची नक्कल करायचं. पुढे रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. घरातही ती मोजकंच बोलायला लागली. फक्त धाकट्याशी बोलताना तिचं काही अडत नसे, कारण धाकट्याचं लक्ष कायम दुसरीकडेच असायचं. शेवटी आईने दप्तर खुंटीला टांगलं.

शाळेच्या मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सध्या घरीच घ्या तिचं. नव्या वर्षी घेऊन या. माझ्यासमोर एक पान वाचून दाखवलं, की तिच्या बरोबरीच्या मुलांत बसवते. नाहीतर पुन्हा लहान मुलांच्या वर्गात बसावं लागेल."

हे मोठीच्या देखतच बोलणं झालं होतं. घरी आल्यावर तिने एकदाच विचारलं होतं, "ए... ए... एकच पान ना?" 

शिकवतात कसं, हे बाबाला ठाऊक नव्हतं. त्याला कुलपं ठाऊक होती. म्हणून पहिल्या दिवशी त्याने शीतगृहातली बाद झालेली कुलपं आणि किल्ल्यांचा एक ढीग मुलांपुढे ओतला आणि म्हणाला, "कोणाची कोण ते शोधा." दोघं दुपारपर्यंत हलली नाहीत. मग त्याला चटकच लागली. बायकोने कारखान्यातून टाकाऊ बटणं, रिकामी रिळं आणि चिंध्या आणल्या. चिंध्या हाताने चाचपून, डोळे बांधून ओळखायच्या. कपडे अडकवायच्या हँगरला दोन्हीकडे डबे लटकवून तराजू झाला. ताटात ओली वाळू पसरून तिच्यात बोटाने अक्षरं काढायची आणि आवडलं नाही तर ताट हलवायचं, की पुसलं. बरणीत ओल्या कापसावर बिया ठेवल्या होत्या. धाकटा त्यांना रोज "उठा" म्हणून सांगायचा. सगळं सामान सकाळीच जमिनीवर ओळीने मांडून ठेवावं लागे, कारण मास्तर कधी आडवे होतील याचा भरवसा नव्हता.

एक दिवस बाटल्यांचा तास चालला होता. मोठ्या बाटलीतलं पाणी नरसाळ्याने छोट्या बाटल्यांत ओतायचं, कितीत मावतं ते बघायचं. त्या गुडगुड आवाजानेच बाबाचा डोळा लागला. खिडकीतलं ऊन पायांवर आलं, गारठा सुटू लागला, आणि आपण पाण्यावर उताणे पडून कुठेतरी वाहत चाललो आहोत असं त्याला वाटलं. कुठे चाललो आहोत याची काळजी नव्हती. काठाकाठाने कोणीतरी गोष्ट सांगत चाललं होतं. एका बदकाची, ज्याला त्याचं तळं सापडत नव्हतं. आवाज संथ होता, मऊ होता, कुठेही अडत नव्हता. शेजारचा रेडिओ असेल, असं त्याला झोपेतच वाटलं. मग तो आवाज म्हणाला, "थांब हं, पान उलटू दे."

रेडिओ पान उलटत नाही. बाबाने डोळे किलकिले केले. मोठी भिंतीला टेकून बसली होती, पुस्तक गुडघ्यांवर होतं आणि ती त्याच्याकडेच बघत होती. डोळ्याला डोळा भिडला आणि तिचा शब्द ओठांवरच थांबला. "त... त... त..."

त्याने घाईघाईने डोळे मिटले, कूस बदलली आणि झोपलेली माणसं पुटपुटतात तसं काहीतरी पुटपुटला. बराच वेळ नुसतं पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. मग पान सरळ केल्याचा आवाज आला. "तळं," मोठी म्हणाली, आणि बदक पुढे निघालं.

त्या दिवसापासून या माणसाने झोपेचं सोंग घ्यायला सुरुवात केली. ज्याला रात्री जागण्याचा पगार मिळत होता, तो आता दिवसा बिनपगारी जागू लागला, तेही डोळे मिटून. यासारखं अवघड काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. पापण्यांमागे खरी झोप टपून बसलेली असायची. तिला आवरायला तो मांडीला चिमटे काढायचा, सगळ्या किल्ल्या मनात एकेक करून कुलपांना लावून बघायचा. आणि मोठीचा आवाज यायचा. बदकाचं तळं सापडलं, मग चंद्रावर जाणारी शिडी झाली, मग ढगांची लोकर कातणारी म्हातारी झाली. तो त्या सगळ्यांच्या मागून फिरून यायचा. इतकं सुख त्याला कधीच मिळालं नव्हतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की मोडेल, अशी त्याला धास्ती होती.

कधीकधी खरी झोप जिंकायची. मग उठल्यावर बघावं तर पुस्तकातला खुणेचा दोरा कालच्याच पानावर असायचा. आज कंटाळली असेल, असं तो समजायचा.

बायकोपर्यंत मात्र वेगळीच बातमी पोचली. सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, "शेजारच्या काकू सांगत होत्या. पोरं पाण्यात खेळतात आणि तुम्ही खुशाल ताणून देता."

"डोळा लागतो गं."

"मलापण लागतो. मशीनवर लागतो. सुई बोटात गेली की उघडतो." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "दिवस किती राहिलेत, आहे का पत्ता? मोठ्या बाईंपुढे पोरीचं तोंडच उघडलं नाही, तर काय करणार आहात? तिथेही झोपणार आहात?"

ती मोठीला जवळ घेऊन बसली, पुस्तक उघडलं आणि मायेने म्हणाली, "वाच बाळा. मी आहे ना." ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. मदत म्हणून तिचे स्वतःचे ओठही हलू लागले. मोठीने श्वास घेतला, मान ताठ केली, कपाळाला आठ्या पडल्या, आणि आत अडकलेलं अक्षर काही बाहेर आलं नाही. शेवटी आई म्हणाली, "राहू दे, राहू दे," आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे नळ बराच वेळ वाहत राहिला.

बाबा आत गेला आणि त्याने नळ बंद केला.

"तू जरा पड."

"आत्ता? भर दिवसा?"

"माझ्या शेजारी पड. डोळे मीट आणि काही विचारू नकोस."

ती रागारागातच चटईवर आडवी झाली. धाकट्याला तर लॉटरी लागली. आज दोन समुद्र होते. त्याने अर्धी बटणं आईच्या पोटावर मांडली आणि कप्तानाला इकडून तिकडे नेऊ लागला. खोलीत ऊन होतं आणि बरणीतल्या बियांना कोंब आले होते. मग भिंतीकडून आवाज आला. म्हातारीची लोकर संपली होती आणि ती नवा ढग शोधायला निघाली होती.

बायकोची बोटं चाचपडत आली आणि त्याच्या मनगटाभोवती घट्ट झाली. गोष्ट संपेपर्यंत तिने ती सोडली नाहीत. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं, तरी तिने ते पुसलं नाही. लेकीला असं न अडता वाचताना ती पहिल्यांदाच ऐकत होती.

नंतर स्वयंपाकघरात तिने हळूच विचारलं, "कधीपासून?"

"बाटल्यांच्या तासापासून."

"आणि मी तुम्हाला काय काय बोलले."

"अगदीच खोटं नव्हतं ते. कधीकधी खरंच झोपतो मी."

तिला हसू आलं आणि पुन्हा रडूही आलं. मग ती गंभीर झाली. "पण मोठ्या बाईंना कसं झोपवायचं?"



ठरलेल्या दिवशी तो रात्रपाळी करून तसाच, युनिफॉर्मवर शाळेत गेला. बायकोने अर्धी सुट्टी काढली होती. धाकट्याला काकूंकडे ठेवलं होतं. मोठ्या बाईंची खोली उजळ होती. टेबलावर पृथ्वीचा गोल, कपाटाला काच, आणि त्या काचेत मोठीचं तोंड दिसत होतं. बाईंनी चष्मा लावला, पुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "कुठलंही पान. सावकाश होऊ दे."

मोठीने पान निवडलं. ओठ जुळले. "प..." बाईंचे डोळे तिच्या ओठांवर आले. "प... प..." बायकोने पदर बोटाला गुंडाळायला घेतला. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मोठा व्हायला लागला. मोठीने मान वळवून बाबाकडे पाहिलं.

त्याला दुसरं काय येत होतं? त्याने खुर्चीत पाठ टेकली, डोकं भिंतीला लावलं आणि डोळे मिटून घेतले.

"अहो," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांना आपल्या खोलीत असं कोणी केलेलं आठवत नव्हतं. "झोपलात की काय?"

"ते झोपलेले नाहीत," मोठी म्हणाली. "ते ऐकतायत. झोपले की ते घोरतात."

पूर्ण वाक्य होतं ते, कुठेही न अडलेलं. बाबाचे डोळे मिटलेलेच राहिले. म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. खुणेचा दोरा कालच्याच पानावर का राहायचा, तेही त्याला तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. तो खरा झोपला, की ती पुस्तक उघडतच नव्हती.

मग टेबलावर चष्मा काढून ठेवल्याचा बारीक आवाज झाला. त्यांनी काय केलं ते बाबाने पाहिलं नाही. नंतर बायकोने सांगितलं, की त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि बाहेर बघत म्हणाल्या, "हं. मीपण ऐकतेय."

मोठीने वाचलं. तीन-चार ठिकाणी अडकली, एका शब्दाला तर फारच. पण कोणी वळलं नाही, आणि पान संपलं.

घरी जाताना रस्त्यात त्याने तिला विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंस, तुला कळलंय म्हणून?"

"सांगितलं असतं तर तू डोळे उघडले असतेस," मोठी म्हणाली. "सगळे तोंडाकडे बघतात, बाबा. मग मलापण तोंडच दिसतं. गोष्ट दिसत नाही." आणि ती आईचा हात धरून पुढे उड्या मारत गेली.

मोठी खऱ्या शाळेत जायला लागली त्या सकाळी जिन्यात तिघांची भेट झाली. तो चढत होता, त्या दोघी उतरत होत्या. मोठीच्या पाठीवर खुंटीवरून काढलेलं दप्तर होतं. तिने जाता जाता त्याच्या पोटावर हात ठेवला, एक श्वास वर, एक श्वास खाली, आणि गेली.

वर धाकट्याने एकट्यानेच सामान मांडून ठेवलं होतं. कुलपं, बटणं, बाटल्या, वाळूचं ताट. भिंतीकडची जागा त्याने मोकळी सोडली होती. बाबाने ती पाहिली. थोडा वेळ त्याने धाकट्याबरोबर किल्ल्या लावल्या, मग चटईवर आडवा झाला. आता झोपायला कोणाची हरकत नव्हती. कित्येक महिन्यांची झोप साचलेली होती. खिडकीतलं ऊन सरकत पायांवर आलं. वाचनाची वेळ झाली, तसे त्याने डोळे मिटून घेतले.

धाकट्याने कप्तानाला बेंबीवर ठेवलं आणि वाट बघत बसला. भरती आली, ओहोटी आली, पुन्हा भरती आली. त्याने वाकून बाबाच्या तोंडाजवळ कान नेला.

बाबा घोरत नव्हता.