सातवी ओळ, बारावा रकाना

माझा प्रबंध नापास झाला. बरं, झाला नाही असं धरून चालू. विषय लोखंडाचा आहे, भावनांचा नाही.

साल ब्याऐंशी. लोखंड-निकेलचा थर, केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका पातळ. तो प्रत्यक्ष बनवायची ऐपत आमच्या कॉलेजची नव्हती, म्हणून मी कॉम्प्युटरमध्ये बनवला. वीस गुणिले वीस, चारशे इवले चुंबक. तोंड वर असेल तर कागदावर अधिक, खाली असेल तर उणे. प्रत्येकानं शेजाऱ्यांकडे बघून वळायचं. बाहेरून उलटं चुंबकक्षेत्र जोरात लावलं की चारशेच्या चारशे उणे झाले पाहिजेत. एवढंच दाखवायचं होतं.

कॉम्प्युटर सातपूरच्या एका कारखान्याचा. शनिवारी कारखाना बंद, तेव्हा दुपारी मला मिळायचा. मशीनला प्रोग्रामची भोकं पाडलेली कार्डं भरवायचे ऑपरेटर कोंडाजीभाऊ, घोटीचे. दसऱ्याला लेथला, क्रेनला हार पडले. भाऊंनी माझ्या कार्डांच्या गठ्ठ्याला हळदकुंकू वाहिलं आणि स्वतः पंच केलेलं एक कार्ड आत सारलं.

"हे काय, भाऊ?"

"तुमचे समदेच माना टाकत्यात, मास्तर. एकाला तरी ताठ राहू द्या की. सणाचा दिस हाय."

त्या कार्डानं सातव्या ओळीतला बारावा चुंबक कायम अधिक ठेवला. आम्ही हसलो. सण सरला की कार्ड काढायचं ठरलं.

दिवाळीआधी भाऊ काविळीनं गेले.

मी कार्ड काढलं. तीनशे नव्याण्णव उणे. सातवी ओळ, बारावा रकाना: अधिक. अख्खा गठ्ठा नव्यानं पंच केला, बिनकुंकवाचा. अधिक. क्षेत्र दहापट केलं. अधिक. पुढच्या शनिवारी त्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे दोघे अधिक झाले, त्यापुढच्या शनिवारी वरचा आणि खालचाही. त्यांना काय बोलणार? शेजाऱ्याकडे बघायचा नियम मीच घातला होता.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पाचच तर आहेत. पांढऱ्या शाईनं झाक, उणे काढ, पदवी घे. मोजतंय कोण?"

शाई आणली. ब्रश सातव्या ओळीवर नेला. कागदाला हळदीचा वास येत होता. मला सर्दी होती, तरी येत होता. शाई बाटलीतच वाळली. प्रबंध तसाच दिला.

निकाल लागलाच नाही असं धरलंय, तेव्हा त्याविरुद्ध तक्रारही नाही. मा. कुलसचिवांना फक्त सविनय विनंती, की सदर प्रबंधातील सातव्या ओळीचा बारावा रकाना चूक न समजता हजर समजावा, आणि त्यास दर शनिवारी दुपारी दोन ते पाच मशीन चालू मिळावे.