न्हाई म्हणायचं काम

डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या अक्षराची उघडी बाजू उजवीकडे. खाली. वर. त्यापुढच्या ओळीत नुसते मुंगळे.

दुकानात सांगायचं ते. नाव भामाबाई: खरं. गाव आटपाडीकडचं: खरं. चष्मा आजवर लावला नाही: खोटं.

ज्ञानदाच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला त्यांचा चष्मा.

वाईच्या स्टँडसमोरचं चहाचं हॉटेल.

"नाही दिसलं तर काय म्हणायचं, काकू?"

"न्हाई दिसत."

"मोठ्यानं."

"न्हाई दिसत!" भज्यांची कढई सोडून आचारी वळून बघतो.

ज्ञानदा काम करायची त्या सांगलीच्या संस्थेला चष्म्याच्या दुकानांची पारख करायची होती. भामाबाईंचा नंबर आधीच नीट काढलेला. त्या साधं गिऱ्हाईक बनून जायच्या आणि दुकानदारानं कसं तपासलं ते ज्ञानदाला येऊन सांगायच्या. ओळख फुटली की काम संपलं. भामाबाईंना ते सोडायचं नव्हतं. जन्म मेंढरांमागे गेला, त्यांचं 'न्हाई' कुणी मागितलं नव्हतं. इथं ते ऐकायला माणूस थांबायचा.

दुकानात आल्याआल्या दुकानदार मधुकररावांनी पाणी दिलं. "बसा आजी. या बाईंचं झालं की तुमचंच."

खुर्चीवर रंगुबाई नावाची म्हातारी होती, नवा चष्मा न्यायला आलेली. मधुकररावांनी तो हलकेच तिच्या कानांवर बसवला.

"दिसतंय ना?"

"दिसतंय की देवा. लय झ्याक."

रंगुबाई निघाली. दारातल्या पायरीशी थांबली, चौकट धरली आणि एक पाय पुढं करून जमीन चाचपू लागली.

भामाबाई उठल्या. "ये बाई, थांब. तुला दिसत न्हाई."

"दिसतंय म्हणाल्या त्या," मधुकरराव हसले. "तुम्हाला काय कळलं, आजी?"

"आवं, चार दुकानं तपासून आलीया मी! तुमचंबी तपासायलाच आले व्हते."

बोलून गेल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला.

मधुकररावांचं हसू ओसरलं. त्यांनी रंगुबाईला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि भिंगांची पेटी उघडली.

"आता?"

"चांगलंय."

"आगं खरं बोल की," भामाबाई तिच्या कानाशी वाकल्या.

"एवढं भलं मानूस माज्यासाठी खपतंय. त्येला न्हाई कसं म्हनू? वाईट वाटंल त्येला."

"मला वाईट वाटणार नाही, रंगुबाई," मधुकरराव म्हणाले. "म्हणा."

मग रंगुबाई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "न्हाई दिसत."

भिंग बदललं. "न्हाई." पुन्हा बदललं. "न्हाई!" आता तिला गोडी लागली होती. मधुकररावांच्या कपाळावर घाम आला. आणखी एक भिंग. रंगुबाईनं तक्त्याकडे बघायचं सोडून भामाबाईंकडे मान वळवली.

"आगं बया. हनुवटीवर गोंदलंय की तुमी."

मधुकरराव स्टुलावर टेकले. "मला वाटायचं, माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांनाच दिसतं," ते म्हणाले.

भामाबाई हॉटेलात परतल्या तशी ज्ञानदा उठून उभी राहिली. "कसं तपासलं?"

"मला तपासलंच न्हाई. मी सांगून टाकलं."

ज्ञानदा खाली बसली. "काकू, आता तुम्हाला कुठल्याच दुकानात पाठवता येणार नाही."

"व्हय. ठाव हाय."

"आणि या दुकानाचं काय? बाद करू?"

"बाद नगं. शिकवा त्येला. मानूस मायेचं हाय, पर 'व्हय' म्हनलं की इस्वास ठेवतंय."

ज्ञानदानं रुमाल सोडला, चष्मा पुसला आणि स्वतःच्या हातानं भामाबाईंच्या डोळ्यांवर चढवला.

भामाबाईंना त्यांचे वारलेले पती हरिबा आठवले; शेवटची काही वर्षं ते बायकोला काकणांच्या आवाजावरून ओळखायचे. त्यांचे डोळे कधीच तपासले गेले नाहीत.