अखाजीच्या दिवसाचा भाव

बन्सीलालच्या त्या गुंडाळीवर जीवरामचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. ग्राफचे कागद खळीने एकमेकांना चिकटवून केलेली ती लांब पट्टी उलगडली की ओसरीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाई. तिच्यावर तीन वर्षांचे केळीचे भाव होते. गावातल्या केळी संघाच्या फळ्यावर रोज खडूने लिहिला जाणारा आकडा बन्सीलाल टिपून आणी आणि निळ्या शाईचा एक ठिपका पुढे सरकवी. रेषेच्या वळणांना त्याने नावे दिली होती. सारख्या उंचीची दोन टोके म्हणजे शिंगे; शिंगे दिसली की भाव उतरणार. संथ, खोलगट वळण म्हणजे पाळणा. पाळण्यातून भाव वर चढणार.

"पाळणा पुरा झालाय, वहिनी," तो म्हणाला. "पोळ्यापर्यंत हात लावू नका बागेला."

पोळ्याला अजून बारा दिवस होते. अठ्ठ्याऐंशी सालचा श्रावण चालू होता. तापीकाठच्या त्या तीन एकरांत सुगंधाबाईची केळी कापणीला आली होती. फळांचे कंगोरे विरून ती गोल होऊ लागली होती. आणखी आठ दिवसांनी ती झाडावरच उलली असती, मग दिल्लीच्या वॅगनमध्ये त्यांना कुणी चढू दिले नसते. नवरा गेल्यापासून बागेचा हा पहिला माल सुगंधाबाई एकटीच्या हिमतीने काढत होती, आणि सल्ला मात्र या धाकट्या दिराचा घेत होती.

जीवराम तिचा थोरला भाऊ. मूळचा शिंदखेड्याचा, आता जळगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारा. महिन्यापूर्वी त्याने बन्सीलालला केळीच्या एका व्यापाऱ्याबरोबर स्टेशनसमोर चहा पिताना पाहिले होते. व्यापाऱ्याचा हात बन्सीलालच्या खांद्यावर होता. तेव्हापासून तो हात जीवरामच्या डोळ्यांपुढून हलेना. बाग उलली की मातीमोल भावाने कोण उचलणार, हे त्याने मनाशी ठरवूनच टाकले होते.

जळगावला परतल्यावर त्याने लगेचच्या रविवारी दुपारी टेबलावर कोरा ग्राफ अंथरला, खिशातून एक रुपया काढला आणि उडवायला सुरुवात केली. छापा पडला तर एक घर वर, काटा पडला तर एक घर खाली. एकशे दहा वेळा. खरेपणा यावा म्हणून त्याने खाली बन्सीलालच्याच पद्धतीने तारखा आणि सण लिहिले. रेष पुरी झाली आणि त्याच्या अंगावर शहारा आला. कुणाचाही हेतू नसलेल्या त्या रेषेत डोंगर होते, दऱ्या होत्या, दमून टेकल्यासारखी विसाव्याची पठारे होती. आंधळ्याने अंगणात टाकलेली पावले कुणी दुरून पाहावीत आणि ती कुठेतरी निघाली आहेत असे वाटावे, तशी ती रेष होती. त्याने स्वतःच दोन शिंगे ओळखली आणि चटकन नजर वळवली.

मंगळवारी तो बहिणीकडे गेला. "बन्सीभाऊ, हे बऱ्हाणपूरचे भाव. एका विद्यार्थ्याने टिपलेत. पाहता?"

बन्सीलाल गुडघ्यांवर बसला. सुगंधाबाई सूप बाजूला ठेवून जवळ आली.

"अरे वा, किती स्वच्छ आहे," बन्सीलालचे बोट उजव्या टोकाकडून मागे सरकू लागले. "ही शिंगं. पहिलं शिंग घाईत चढलंय, दुसरं दमलंय. आता उतरणार. बारा दिवसांत चार घरं खाली. यात खोट नाही."

"खात्री आहे?"

"सर, तुमच्या पाढ्यांना असते तेवढी."

जीवरामने खिशात हात घातला. खिशातला रुपया बोटांना गार लागत होता. अजून थोडे बोलू दे, मग तो नाणे कागदावर ठेवणार होता.

"या चढाचं मूळ कुठंय ते बघू," म्हणत बन्सीलालचे बोट मागे, आणखी मागे, वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेपर्यंत गेले आणि तिथे थांबले. त्याने मान वर केली नाही.

"सर, अखाजीला इथं भाव निघालाय."

"म्हणजे?"

"अखाजीला सालदार गड्यांचं साल संपतं. जुने घरी गेलेले, नवे अजून ठरायचे. घड कापलेच कुणी, की भाव निघेल?" त्याने आपली गुंडाळी ओढली आणि वैशाखावर बोट ठेवले. तिथे रेष तुटलेली होती. दोन कोरी घरे, दातांतल्या फटीसारखी. "तुम्ही खाली अखाजी लिहिलंत, आणि वर रेष चालूच ठेवलीत."

जीवरामच्या मनात आले: आपण शिंदखेड्यात वाढलो, दर अखाजीला बहिणीला माहेरी आणायला गेलो. पण नाण्याला सण माहीत नव्हता आणि नाणे हातात असताना आपणही तो विसरलो.

"भाऊ," सुगंधाबाई सावकाश म्हणाली, "हाई काय शे?"

त्याने सांगितले. रुपया, छापा, काटा, सगळे. "पण तू लक्षात घे, त्यांनी नाण्याची रेष भाव म्हणून वाचली. शिंगं काढली त्यात. त्यांच्या गुंडाळीतही तेच—"

"तू माले फसाडाले उना का, भाऊ?"

"तुला वाचवायला आलो."

"खोटा कागद लईसन?" तिने सूप उचलले. "त्यांनी पकडला ना खोटेपणा. मग बाग त्यांच्याच शब्दानं राहील."

पुराव्याचा सगळा डोलारा दोन कोऱ्या घरांवर कोसळला होता. बन्सीलाल हसला असता तर जीवरामला बरे वाटले असते. तो हसला नाही. त्याने फक्त विचारले, "हा कागद मी ठेवून घेऊ?"

गुरुवारी दुपारी तो जळगावला जीवरामच्या दारात उभा होता. डोळे जागरणाने लाल. आत येऊन त्याने तोच कागद टेबलावर पसरला.

"सर, खरंच नाण्याचा आहे हा?"

"तुम्हीच तर पकडलात."

"मी अखाजी पकडली. शिंगं नाही पकडली." तो खुर्चीच्या कडेवर बसला. "अखाजी दिसायच्या आधी मी जे बोललो, ते बोलताना मला मनापासून खरं वाटत होतं. वहिनींना पाळणा सांगताना वाटलं होतं, अगदी तसंच. दोन दिवस घास उतरला नाही."

"आणि स्टेशनसमोरचा तो व्यापारी?" जीवरामच्या तोंडून निघूनच गेले.

बन्सीलालने मान वर केली. "त्याच्याकडे नोकरी मागत होतो, सर. तो नाहीच म्हणाला." मग त्याने कागदाच्या उजव्या टोकावर बोट ठेवले. "पुढं उडवा. बारा वेळा. मी चार घरं खाली म्हणालो होतो."

"त्याने काहीच सिद्ध होणार नाही."

"ठाऊक आहे. उडवा."

जीवरामने रुपया उडवला. काटा. पुन्हा काटा. मग छापा. बन्सीलाल खिशातल्या निळ्या पेनने एकेक ठिपका पुढे नेत होता. रेष थोडी चढली, अडखळली आणि उतरणीला लागली. बाराव्या वेळी काटा पडला तेव्हा ती बरोबर चार घरे खाली येऊन थांबली होती.

जीवरामने घरे पुन्हा मोजली. बन्सीभाऊला खरेच काही दिसते की काय? वर्गात शेकडो वेळा फळ्यावर खोडून टाकलेला तो विचार त्याच्याच छातीत वर येऊन बसला. त्याने बन्सीलालकडे जवळजवळ भक्तीने पाहिले.

बन्सीलालचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता.

"आलं की बरोबर," जीवराम पुटपुटला.

"हो ना," बन्सीलाल म्हणाला. "नाण्यालाही माझा शब्द लागू पडतो. मग तीन वर्षं फळ्याला लागू पडला, त्यात माझं काय होतं?" तो उठला. "साडेतीनची एसटी मिळेल. वहिनींना सांगतो, उद्याच मजूर लावा."

"आणि भाव वाढला तर?"

"वाढेल की," तो दारातून म्हणाला. गुंडाळी त्याने आणलीच नव्हती, हे जीवरामच्या तेव्हा ध्यानात आले.

शुक्रवारी बाग कापली. सुगंधाबाईने एसटीच्या कंडक्टरबरोबर केळ्यांची एक फणी पाठवली. निरोप काहीच नाही. जळगावातही संघाचा असाच फळा होता; जीवराम पोळ्यापर्यंत त्या रस्त्याने गेला नाही. कॉलेजला जाताना लांबचा वळसा घेई, फळा दिसू नये म्हणून. टेबलावरचा रुपया त्याने खर्च करून टाकायचे ठरवले होते. पण रोज सकाळी तो आहे तिथेच असे, काटा वर करून, आणि तो उलटा करायला त्याचा हात धजत नसे.