उसन्या कोटाची गोष्ट

बाबांच्या कॅमेऱ्यात एक रोल तसाच राहिला होता. त्यात आईने काढलेला त्यांचा फोटो होता. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाचा म्हातारपणातला तेवढाच एक. फिल्म मुदत उलटलेली. दुकानदार म्हणाला, धुऊन देतो, पण हमी देत नाही. म्हणून मीच धुवायला घेतली आणि न्हाणीघरात डोकं फोडून घेत बसले.

आधी चाचणी. बाबांच्या खोक्यात तसलाच जुना, कोरा रोल होता; त्यावर आत्याचे फोटो काढायचे आणि तुकडे करून धुवायचे. दुकानातल्या नव्या डेव्हलपरने, म्हणजे फिल्म धुवायच्या रसायनाने, तक्त्यात दिलेल्या वेळेला फिल्मवर धुकं चढलं आणि आत्याचा चेहरा खडू फासल्यासारखा आला. वेळ कमी केली, तर सावल्यांतलं सगळं गेलं. बाबांनी स्वतः कालवलेल्या, तपकिरी बाटलीतल्या डेव्हलपरने धुकं चढत नव्हतं, पण निगेटिव्ह फिकी. त्याला तक्ताच नव्हता. बाबा वेळ मोजायचे ती एका गोष्टीने. एक गिऱ्हाईक उसना कोट घालून फोटो काढायला येतं, कोटाचा मालकही सोबत येतो आणि दर वेळी बजावतो, हात खाली, शिवण उसवेल. गोष्ट सुरू झाली की फिल्म आणि डेव्हलपर घातलेला डबा हलवायचा, संपली की डेव्हलपर ओतून काढायचा. मी ती शब्दन् शब्द म्हणत होते. तरी फिकीच. आणि बाटलीत दोनदा पुरेल एवढंच उरलं होतं. माणसाने निदान एक आकडा तरी सांगून जावं की नाही!

आत्या स्टुलावर बसून ऐकत होती. आणखी किती वेळा माझं तोंड धुणार आहेस, असं तिने विचारूनही झालं होतं. मग म्हणाली, "बातम्या वाचतेस का गं? तो आमचं हसू ओसरेपर्यंत थांबायचा. मग पुढचं वाक्य."

मी डबा खाली ठेवला. मी एकटीच सांगत होते. थांबायला कारणच नव्हतं, आणि गोष्ट लवकर संपत होती.

पुढचा तुकडा आत्याने गोष्ट सांगत धुतला. ती स्वतःच सांगून स्वतःच हसत होती. निगेटिव्ह भरदार आली.

मग बाबांचा रोल. आईला दारात बसवलं. आत्याने सुरुवात केली, कोटाचा मालक आला, शिवण आली. आत्या थांबली. आई भिंतीकडे बघत राहिली. आम्ही दोघी ओढूनताणून हसलो, जमेल तेवढं लांबवून.

फिल्म ओलीच खिडकीशी धरली. आईने फोटो तिरका काढला होता, एक कान कापलेला. बाबांनी हात वर केला होता. मागे सरक म्हणत असणार. बाकी सगळं आलं होतं, स्वेटरच्या विणीपर्यंत, फक्त निगेटिव्हमध्ये उलटं, पांढरं ते काळं.

आईने चष्मा पुसून पाहिलं.

"केस काळे झालेत ह्यांचे," ती म्हणाली, आणि हसायला लागली. ते ओसरेपर्यंत मी फिल्म तशीच धरून उभी राहिले.