पाळण्यावरची पाटी

बाळ पोटात असल्यापासून सुरेखानं मनात एकच नाव धरलं होतं, मिताली. पण सांगणार कोणत्या तोंडानं? ते घरातल्या गौरांगशी नाही, गोरखपुरात जावेकडे वाढणाऱ्या चैत्रालीशी जुळत होतं. जावेची, राजश्रीची, कूस उजवत नव्हती, म्हणून आठ वर्षांपूर्वी सुरेखानं गौरांगच्या पाठची आपली लेक तिच्या पदरात घातली होती. चैत्रालीला यातलं काही माहीत नव्हतं. आता ही दुसरी लेक झाली, आणि हिला मात्र सुरेखानं ठेवून घेतलं.

बारशाच्या दिवशी पाळण्यावरची पाटी अजून कोरीच होती. पाळण्याला झोका देता देता चैत्राली म्हणाली, "काकू, मिताली ठेव ना. माझ्या नावाशी जुळून राहिलं."

राजश्रीचा हात हळदीकुंकवाच्या करंड्यावर थांबला. तिनं वर पाहिलं नाही.

"तुझ्याशी काहून, बेटा?" सुरेखा हसत बोलून गेली. "सख्ख्या भावंडांशी जुळवतात."

"अच्छा. मग गौरांगची गौरी." चैत्रालीनं खडू उचलला, जीभ दाताखाली धरून ठळक अक्षरांत नाव लिहिलं आणि पाटी सुरेखासमोर धरली.

"बरोबर आहे ना, काकू?"